आमच्या गावचा सारस

आमच्या गावात सारस पक्षी आहे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तेही छापील कागदावरून, ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्यासकट. 'गावात आढळणारे पक्षी' या तक्त्यात पाचवं नाव सारस. संख्या : मध्यम. अधिवास : भातशेती व तलाव. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं लागतं. आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठावर. विजयदुर्गाच्या बुरुजांखालून समुद्र आत शिरतो आणि वळणं घेत खारेपाटणाकडे जातो, त्यातल्या एका वळणावर. इथे बगळे आहेत, खंड्या आहेत, हिवाळ्यात चिखलात चोची खुपसणारे पाहुणे आहेत. सारस नाही. माझ्या आजोबांनी पाहिला नाही, त्यांच्या आजोबांनीही पाहिला नसणार.

तो कागद हातात यायला मला साडेतीन महिने लागले होते, आणि तो दुरुस्त करायला पुढची दोन वर्षं. त्याचीच ही गोष्ट.

आधी माझ्याबद्दल, कारण गावात माझी ओळख 'पर्यावरणवाला' अशी झाली आहे आणि ती मला पटत नाही. मी मुद्रितशोधक. साध्या भाषेत प्रूफरीडर. १९८२च्या गिरणी संपात वडील गावी परतले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. परळच्या खोलीतून थेट खाडीकाठच्या मातीच्या घरात. शाळेतली पोरं मला 'मुंबयकर' म्हणायची. चार-पाच वर्षांत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला शिकलो, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चिखलात कुठे पाय घालायचा आणि कुठे नाही ते शिकलो, आणि मग पोटासाठी पुन्हा मुंबईला गेलो. १९९१ साली गिरगावातल्या एका छापखान्यात लागलो. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळणारे शेवटचे कामगार तिथे अजून होते, आणि एका कोपऱ्यात पहिला संगणक कापड पांघरून बसला होता. त्याच वर्षी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. मला ती कळायला वीस वर्षं गेली, हे कबूल करतो.

सार्वजनिक प्रश्नांची आवड म्हणाल तर ती छापखान्यानेच लावली. कोकणातल्या माणसांच्या मुंबईतल्या मंडळांची छपाई आमच्याकडे यायची. अहवाल, स्मरणिका, वर्गणीच्या पावत्या, आणि मधूनमधून पत्रकं. रत्नागिरीचा स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना लोकांनी विरोध करून थांबवला, तो पुढे तुतिकोरीनला गेला, त्या दिवसांतली पत्रकं मी वाचली आहेत. एन्रॉनच्या वेळची वाचली आहेत. पुढे जैतापूर, मग नाणार, मग बारसू. बाजूची आणि विरोधाची, दोन्ही. प्रूफरीडरला मत नसतं, त्याला ऱ्हस्व-दीर्घ असतं. पण तीस वर्षं एकाच किनाऱ्याबद्दल वाचत राहिलं की माणूस नुसता वेलांटीकडे बघत नाही. एक गोष्ट डोक्यात बसली : कंपनीच्या अहवालात आमचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, कायम 'ओसाड', 'नापीक', 'खडकाळ'. आणि विरोधाच्या पत्रकात 'निसर्गसंपन्न', 'स्वर्गीय', 'नंदनवन'. दोन्हीकडे एकाही गवताचं नाव नसायचं.

पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सरकारला सादर झाला आणि सरकारने तो दाबून ठेवला. केरळातल्या एका माणसाने माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला, मंत्रालय थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, हरलं, आणि मे २०१२मध्ये अहवाल लोकांपुढे आला. एवढा मोठा अहवाल एका साध्या अर्जाने बाहेर पडतो, याचं मला अप्रूप वाटलं होतं. तेव्हा मनात म्हटलं, कधीतरी एक अर्ज आपणही करू. कशासाठी, ते माहीत नव्हतं.

२०२०च्या टाळेबंदीत छापखाना बंद पडला तो उघडलाच नाही. मी गावी आलो. चौदा दिवस शाळेत विलगीकरणात काढले. खिडकीतून खाडी दिसायची. तेवढे दिवस एकटक खाडीकडे बघण्याची चैन मी आयुष्यात पहिल्यांदाच केली.

पुढच्या वर्षी ग्रामसभेला गेलो. आधी गणपूर्ती नव्हती म्हणून सभा तहकूब, मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुन्हा तेवढ्याच माणसांत सुरू. इतिवृत्त वाचताना ग्रामसेवकांच्या तोंडून एक वाक्य गेलं : 'लोक जैवविविधता नोंदवही पूर्ण करून सादर केली आहे.' मी विचारलं, ही कधी झाली? वर्षापूर्वी, म्हणाले. कोणी केली? एजन्सीने. बघायला मिळेल? कपाटात आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो. शिपाई म्हणाला, "तुका कित्याक होयी ती वही? कपाटाची चावी भाऊंकडे आसा, भाऊ खारेपाटणाक गेलेत." तिसऱ्या दिवशी भाऊ होते, चावी घरी राहिली होती. आठव्या दिवशी चावी होती, पण वही पंचायत समितीत होती. मला राग आला नाही, उलट जरा उत्साहच आला. जी वस्तू न दाखवायला माणूस इतके कष्ट घेतो, तीत काहीतरी असणार.

या वहीमागचा कायदा २००२चा, जैविक विविधता कायदा. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष आणि आणखी सहा जण, त्यात एक तृतीयांश बायका. त्या समितीने गावातल्या लोकांशी बोलून आपल्याकडे काय झाडं, पिकं, मासे, पाखरं, औषधं आणि जाणकार माणसं आहेत त्याची वही करायची. कल्पना उत्तम. पण बरीच वर्षं बहुतेक गावांत काही झालं नाही, आणि मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली : ३१ जानेवारी २०२०पर्यंत सगळ्या गावांच्या वह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. मुदत घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण मुदतीचं काम कसं होतं हे छापखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा जसा निघतो, तशा वह्या निघाल्या.

अर्ज केला. नमुना 'अ', वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. लोक या अटीला वैतागतात. मला मजा आली. पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला होता, त्यात कायदा, संविधान, गाडगीळ, माझी नोकरी सगळं होतं. काटत काटत दोन वाक्यांवर आणला : नोंदवहीची पूर्ण प्रत द्यावी, आणि समिती नेमल्याच्या ठरावाची प्रत द्यावी. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांना एवढंच सांगेन, 'का', 'कसे काय' विचारू नका. कागद मागा. कारण विचारलंत तर उत्तर येतं, 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.' आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्का-तारीख. पोच नसलेला अर्ज म्हणजे देवळात मनातल्या मनात घातलेलं गाऱ्हाणं.

३० दिवस गेले. उत्तर नाही. पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे. देवगडला जायचं म्हणजे सकाळची एसटी पकडायची आणि दिवस घालवायचा. पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी शिपाई घरी आला, हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, त्यामुळे पानामागे २ रुपयेही वाचले. शिपायाला चहा दिला. तो म्हणाला, "वाच आता रात्रभर." खरंच रात्रभर वाचली.

सारस पहिला दिसला. मग मोह, चारोळी आणि तेंदू. 'गावातील प्रमुख वनोपज.' मग 'प्रमुख पिके : सोयाबीन, तूर, भात.' 'तलाव : चौदा.' आमच्याकडे एक तळी आहे, देवळामागची, ती मे महिन्यात आटते. दोन ठिकाणी दुसऱ्याच गावाचं नाव तसंच राहून गेलं होतं, बदलायचं विसरले होते. जुळाऱ्याच्या भाषेत जुना मजकूर उचलून नवीन चौकटीत बसवणं. आम्हीही करायचो लग्नपत्रिकांना, पण नवऱ्याचं नाव बदलायला कधी विसरलो नाही.

याचं हसू आलं. हसू थांबलं ते सतराव्या पानावर. 'खारफुटी : निरंक.' 'सागरी व खाडीतील मत्स्यप्रजाती : निरंक.' 'शिंपले, खेकडे इत्यादी : निरंक.'

निरंक हा सरकारी भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. शून्य म्हटलं की मोजलं होतं असं वाटतं. निरंक म्हटलं की रकाना भरला, विषय संपला. ज्या खाडीवर निम्मं गाव जगतं, ती कागदावर निरंक होती. आणि उद्या कोणी जेटी, कोळंबीची तळी किंवा आणखी काही घेऊन आलं आणि विचारलं की इथे काय आहे, तर आमच्याच ग्रामपंचायतीचा शिक्का सांगणार होता की काही नाही.

ठरावाची प्रतही मजेशीर होती. समितीत सात नावं. त्यातले एक वारलेले. एक बोरिवलीला स्थायिक. एक काकी माझ्या घरापासून चार घरं सोडून राहणाऱ्या. त्यांना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या. "मी? समितीत? माका कोणी सांगूक नाय." मग जरा विचार करून म्हणाल्या, "भत्तो गावता काय?"

इथे बरेच जण तक्रार करतात, वर्तमानपत्रात देतात. मलाही दोघा-तिघांनी तेच सुचवलं. एका ओळखीच्या वार्ताहराला तर सारस इतका आवडला की मथळाही सुचला होता त्याला. मी दिलं नाही. एजन्सीच्या पोरांनी पैशाच्या आणि मुदतीच्या धाकात केलेलं काम होतं ते. ग्रामसेवकांकडे तीन गावं होती. बातमी झाली असती, चार दिवस हसू झालं असतं, आणि वही तशीच कपाटात राहिली असती. मला वही दुरुस्त करायची होती. प्रूफ चुकलं तर प्रूफरीडर दुसरं प्रूफ मागतो, एवढंच.

सरपंच बाईंना जाऊन भेटलो. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान, माहेर खाडीपलीकडचं. त्यांनी वही चाळली, सतराव्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, माझ्या आयेन कुर्ल्ये इकून माका शिकवल्यान. आणि हय निरंक?" पुढचं काम सोपं झालं, निदान कागदावर. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत समिती नव्याने नेमायचा ठराव झाला. त्यात कालवं काढणाऱ्या एक थोरल्या काकी आल्या, पाग टाकणारे एक आबा, शाळेतले विज्ञानाचे गुरुजी, बौद्धवाडीतला एक शेतकरी, आणि एक पोरगी जिच्या मोबाइलवर फोटो चांगले येतात. मला घ्यायला निघाले होते, मी नको म्हटलं. लिहिणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा असला की बरं.

मग वर्षभर आम्ही गावच वाचत हिंडलो. सगळं सांगत बसलो तर वही परत लिहावी लागेल. सड्यावर पावसाळ्यात चार महिने जी गवतं आणि फुलं येतात, त्यांतली निम्मी गुरं राखणाऱ्यांना नावानिशी माहीत आणि गुरुजींच्या पुस्तकात नाहीत. पहिल्या पावसात व्हाळातून शेतात चढणारे मासे. सुरंगी, जिच्या कळ्या काढायला पहाटे चढावं लागतं. उंडी, जिच्या बियांचं तेल होड्यांना लावायचे. देवाच्या राईत कोणी फांदी तोडत नाही, तिथे काय काय आहे ते नोंदायचं म्हटल्यावर मानकऱ्यांनी सांगितलं, आधी देवाला विचारा. कौल लावला. देवाने उजवा दिला. ग्रामसभेच्या ठरावापेक्षा तो लवकर मिळाला, आणि गणपूर्तीचा प्रश्न आला नाही.

एका वैदू आजोबांनी मात्र काही सांगायला नकार दिला. कावीळीचं औषध ते देतात, कुठल्या पाल्याचं ते सांगणार नाहीत. गुरुजी समजावत होते की हे ज्ञान लुप्त होईल. मी गुरुजींना थांबवलं. सांगणाऱ्याने गुप्त ठेवायला सांगितलं तर गुप्त ठेवायची मुभा या वहीच्या नियमांतच आहे. त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'माहिती देण्यास इच्छुक नाहीत.' तेही निरंक लिहिण्यापेक्षा खरं.

एक गंमत ऊदाची. आमच्या खाडीत ऊद आहेत. पाणमांजरं. पहाटे खडपांवर मासे फोडताना दिसतात, जाळ्यातले मासे पळवतात म्हणून पागी त्यांना शिव्याही घालतात. फोटोवाल्या पोरीने वहीत शुद्ध मराठी करून लिहिलं, 'उदमांजर'. पुढे शास्त्रीय नाव शोधताना पुस्तकात उदमांजर सापडलं आणि त्याचं नाव टाकलं. उदमांजर म्हणजे कांडेचोर, झाडावर चढणारा, काजू-फणस खाणारा. तोही गावात आहेच. पण वहीत आता दोन कांडेचोर झाले आणि पाणमांजर गेलं. आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते ओरडले, "अरे पाण्यातलो ऊद तो! झाडावरचो नाय!" तीस वर्षांत हजारो चुका काढल्या असतील, पण एका शब्दापायी अख्खं जनावर गायब होताना पहिल्यांदाच पाहिलं.

अडलो ते खाजणाशी.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शहरातून खारफुटीबद्दल लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि मलाही दिसलं नव्हतं. आमच्या पणजोबांच्या काळात खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध होता. बांधाला उघाड्या. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायचं, भरतीला दार बंद. आतल्या जमिनीत खारा मुणगा पिकायचा, खारं सोसणारं भात. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांध पोखरायचा आणि माणसांनी दरवर्षी सगळ्यांनी मिळून तो लिंपायचा, असा शेकडो वर्षांचा करार. मग माणसं मुंबईला गेली. कुर्ल्या गेल्या नाहीत. एका वर्षी उधाणात बांधाला खांड पडली, ती बुजवायला जेवढी माणसं लागतात तेवढी गावात उरलीच नव्हती. आत खारं पाणी आलं. आधी तिवरं आली, मग चिप्पी, मग काठाने कांदळ, मध्ये काटेरी मरांडी. तीसेक वर्षांत जंगल झालं. आज त्या मुळांत कोळंबी वाढते, शेवटा आणि तांबोशी या माशांची पिल्लं असतात, ऊद तिथेच राहतात. सातबारावर मात्र भात. शेतसारा अजून भरला जातो.

उच्च न्यायालयाने २००५ साली आणि मग १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात खारफुटी तोडायला बंदी घातली, भोवती ५० मीटरचा पट्टाही सोडायला सांगितला. जमीन खाजगी असली तरी. निकाल योग्य आहे असं मला वाटतं, मुंबईत काय झालं ते मी रोज लोकलमधून बघत होतो. पण आमच्या गावात जेव्हा आम्ही वही घेऊन खाजणाच्या मालकांकडे गेलो, तेव्हा दारं लागायला लागली. "कांदळ लिवलास की फॉरेस्टवाले येतले आणि जमीन घेवन जातले." एकाने तर माझा हात धरला : "सगळा लिव. पण माझो मळो लिवू नको."

त्यांना काय सांगणार? त्या मळ्यातले बारा गुंठे माझेही आहेत.

खरं सांगतो, दोन आठवडे मी वही उघडली नाही. एकीकडे मी दुसऱ्याच्या 'निरंक'ला हसलो होतो. आता माझा चुलतभाऊ मला तेच लिहायला सांगत होता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांची जमीन लुटायला कोणी बिल्डर आला नव्हता, त्यांनी तिवरं तोडली नव्हती. बांध फुटला आणि शेती गेली, मग झाडं आली आणि हक्क गेला. दोन्हीची भरपाई शून्य. खारफुटी वाचवली पाहिजे म्हणणाऱ्यांनी या माणसांचं काय करायचं ते सांगितलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि मी बरंच वाचलं आहे.

समितीची बैठक सरपंच बाईंच्या पडवीत झाली. रात्री साडेअकरापर्यंत भांडण. शेवटी आबांनी तोडगा काढला, आणि तो इतका साधा होता की मला सुचला नाही याची लाज वाटली. जे होतं ते लिव, जे आहे ते लिव. वहीत 'पूर्वी व आता' असा रकाना आहेच. तिथे लिहिलं : पूर्वी खाजणशेती, खारा मुणगा, सामाईक बांध, उघाड्या तीन. बांध फुटल्यानंतर कांदळवन. जमीन खातेदारांची, शेतसारा चालू. गट क्रमांक घातले नाहीत. चार खातेदारांनी यावर सह्या केल्या. तिघांनी नाही. त्यातला एक माझा चुलतभाऊ. गणपतीत आरतीला तो येतो, माझ्या बाजूला उभा राहत नाही.

वही पूर्ण झाल्याने काय झालं, असं लोक विचारतात. फार काही नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या चिमुकल्या माशासाठी ती जागा २०२१मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, दोन-सव्वादोन हेक्टरची. दोडामार्गात बांबर्ड्याची राईही झाली. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं आहेत म्हणून लोकांना वाटलं, आपल्याकडेही कोणी येईल, बोर्ड लागेल, पर्यटक येतील. कोणी आलं नाही. ग्रामसभेने वही मंजूर केली, एक प्रत तालुक्याला गेली. दुसरी त्याच कपाटात आहे, फक्त चावी आता तिघांकडे असते. सारस गेला. चौदा तलावांची एक तळी झाली. सतराव्या पानाची अकरा पानं झाली.

मंजुरीच्या आधी मी एक हट्ट धरला होता : प्रत्येक सांगणाऱ्याला त्याची नोंद वाचून दाखवायची. छापखान्यात लेखकाला प्रूफ दाखवतात, तसं. थोरल्या काकींची पाळी शेवटी आली. लिहिता-वाचता येत नाही. पंचाहत्तरीच्या. दारात बसून कालवं फोडत होत्या. मी वाचलं : "कालवे. ठिकाण : खडप, जेटीच्या खालचा भाग. हंगाम : ऑक्टोबर ते मे. साधन : कोयती. माहिती देणार..." आणि त्यांचं नाव. नाव ऐकल्यावर हात क्षणभर थांबला, तेवढंच.

"परत वाच बघू," म्हणाल्या.

परत वाचलं.

"चुकलंस. म्हयने खंय लिवतंस? पावस सोडलो तर बाराय म्हयने कालवां आसतत. पण भांगाक ती गावनत नाय. उधाणाची सुकती होयी. आवस-पुनवेच्या मागे-पुढे. अष्टमीक जाशीत तर नुसता पाणी बघून परत येशीत."

तक्त्यात महिन्यांना रकाना होता, तिथीला नव्हता. मी लाल पेन काढलं, 'मे'च्या पुढे काकपद घातलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'उधाणाची सुकती'.

"आता काय लिवलंस ता वाच," काकी म्हणाल्या.